घोड्याच्या सातबाऱ्यावर चाळीस हिस्से

जमिनीच्या सातबाऱ्यावर चाळीस हिस्से चढले की काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण घोड्याच्या सातबाऱ्यावर? शेरगरच्या होते! १९८१ ची इंग्लंडची डर्बी त्यानं घोड्याच्या दहा लांब्यांनी मारली. मग मालक आगाखान (चौथे) यांनी त्याचे ४० हिस्से पाडले, सहा स्वतःकडे ठेवले आणि उरलेले ३४ प्रत्येकी अडीच लाख पौंडांना विकले. हिस्सा म्हणजे कान तुझा, शेपूट माझी असं नव्हे. दर मोसमाला आपली एक घोडी त्याच्याकडे धाडायचा हक्क. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांत कृत्रिम रेतन चालत नाही, म्हणून त्या हक्काला एवढा भाव.

८ फेब्रुवारी १९८३ च्या रात्री बंदूकधाऱ्यांनी आयर्लंडमधल्या पागेतून शेरगरला पळवलं आणि २० लाख पौंड मागितले. आगाखानांचा घोडा, म्हणजे एका फोनवर पैसे हजर, असा त्यांचा हिशोब. घोड्यात इतरांचेही ३४ हिस्से असतील हे बिचाऱ्यांच्या गावीही नव्हतं. हिस्सेदारांनी खंडणी दिली नाही. आज दिली तर उद्या कुणाची पागा सुरक्षित राहणार? शेरगर पुन्हा कुणाला दिसला नाही, हाडंही सापडली नाहीत. चोरी करण्याआधी उतारा काढून बघावा, तो असा.

आता शेरगरच्या आजोळी जाऊ. आईची आई, तिची आई असं मागं मागं गेलं की मुमताझ महल भेटते. ताजमहालातली नव्हे, १९२१ साली जन्मलेली करड्या रंगाची, वाऱ्यासारखी पळणारी घोडी. तिला ९,१०० गिनींना विकत घेतलं तिसऱ्या आगाखानांनी. हे शेरगरच्या मालकाचे आजोबा, आणि पुण्याचा आगाखान पॅलेसही १८९२ साली यांनीच बांधला. गांधीजींच्या नजरकैदेमुळे ती वास्तू आपल्याला ठाऊक. तिच्या धन्यानं पाच वेळा इंग्लंडची डर्बी जिंकली, हे पुणेकरालाही क्वचितच माहीत असतं. त्यातला १९४८ चा माय लव्ह तर भागीदारीतलाच!

मुमताझ महलचा नातू नसरुल्ला. डोकं भलतंच गरम. तो अमेरिकेत गेला, त्याचा मुलगा बोल्ड रूलर, आणि बोल्ड रूलरचा मुलगा कोण? सेक्रेटेरिएट! १९७३ ची बेलमाँट शर्यत ३१ लांब्यांनी जिंकणारा.

याच्या जन्माआधीची नाणेफेक ऐकण्यासारखी आहे. बोल्ड रूलर फिप्स घराण्याचा, घोड्या चेनरी घराण्याच्या, आणि शिंगरं वाटून घ्यायची. १९६९ साली नाणं उडवलं. जिंकणाऱ्याला पहिल्या वर्षाच्या दोन शिंगरांतून आधी निवड. हरणाऱ्याला उरलेलं शिंगरू आणि पुढच्या वर्षी पहिली निवड. पण पुढच्या वर्षी एकच घोडी गाभण होती! म्हणजे जिंकणाऱ्याला एक शिंगरू, हरणाऱ्याला दोन. दोन्ही पक्ष मनातून हरायला बसलेले. फिप्स दुर्दैवानं जिंकले. त्यांनी निवडलेली ‘द ब्राइड’ चार शर्यती पळली, एकही जिंकली नाही. हरलेल्या पेनी चेनरींच्या वाट्याला आलं पोटातलं शिंगरू, म्हणजेच सेक्रेटेरिएट. पुढं त्याचे ३२ हिस्से झाले, प्रत्येकी १ लाख ९० हजार डॉलरला.

सेक्रेटेरिएटचं नाव पुढं गाजवलं ते लेकींच्या मुलांनी. त्यातल्या एका लेकीच्या वंशात द ग्रीन मंकी. २००६ साली भागीदारांनी त्याच्यासाठी १ कोटी ६० लाख डॉलर मोजले. तीन शर्यती, विजय शून्य, कमाई १०,४४० डॉलर. दुसऱ्या लेकीच्या वंशात कॅलिफोर्निया क्रोम. त्याची आई दोन भागीदारांनी आठ हजार डॉलरला घेतली, तेव्हा ‘ही घोडी गाढवच घेईल’ अशा अर्थाचं कुणीतरी बोललं. यांनी तेच नाव भागीदारीला दिलं आणि जॉकीच्या सदऱ्यावर गाढव छापलं! २०१४ ची केंटकी डर्बी त्या गाढवानं मारली, आणि कारकिर्दीची कमाई १ कोटी ४७ लाख डॉलर.

जाता जाता: एकाच बापाच्या घोड्यांना या धंद्यात भावंडं म्हणत नाहीत. नामवंत बापाला वर्षाला शंभरावर पोरं होतात, नाती कुठवर सांभाळणार? भाऊ-बहीण फक्त आईकडून.

आणि एकत्र कुटुंबातली वाटणी पाहायची तर ऑस्ट्रेलियात. सलग ३३ शर्यती जिंकलेल्या विंक्स या घोडीची मालकी तिघांत वाटलेली. २०२४ मध्ये तिची लेक सिडनीत लिलावाला निघाली. बोली चढत चढत १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर थांबली. घेणाऱ्या होत्या डेबी केपिटिस, विंक्सच्या तीन हिस्सेदारांपैकीच एक. वडिलोपार्जित वाडा विकायला काढावा आणि घरच्याच लेकीनं सर्वांत मोठी बोली लावून तो घ्यावा, तसं. त्यातला एक हिस्सा तर त्यांनी स्वतःलाच चुकता केला!