परदेशी निघालात? आधी नाव जुळवा!

खानदेशी माणूस एके काळी दूर निघाला तर काशीला निघे. आता जळगावात किंवा धुळ्यात कोणाच्याही ओसरीवर बसा. एखाद्याची लेक जर्मनीत, एखाद्याचा मुलगा अमेरिकेत, हे ऐकायला मिळतेच. लेकीला दिवस गेल्याचा फोन आला की इकडे आईची धांदल सुरू होते. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, मऊ दुपटी, स्वतःसाठी पायमोजे आणि कानटोपी! सगळी तयारी होते. राहून जाते ती कागदपत्रांची.

निवृत्तीनंतर मी ओळखीपाळखीच्या मंडळींचे पासपोर्टचे आणि व्हिसाचे अर्ज भरून देत असतो. पैसे घेत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक पुष्कळ! या उद्योगातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. व्हिसाचा शिक्का परक्या वकिलातीत बसतो खरा, पण तो मिळणार की नाही हे पुष्कळ वेळा आपल्या घरातल्या कपाटातच ठरलेले असते.

पासपोर्ट आपले सरकार देते. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे असा निकाल दिला, आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. व्हिसाचे तसे नाही. तो परक्याच्या दारातला प्रवेश. तिथे आपला हक्क चालत नाही. आपण कोण, कशासाठी आलो आणि परत कधी जाणार, हे त्याला पटवून द्यावे लागते. आणि घोडे अडते ते पहिल्याच प्रश्नावर!

धुळ्याच्या एका अक्कांचेच पाहा. शाळेच्या दाखल्यावर त्यांचे माहेरचे नाव. लग्नात नाव बदलले, तेच आधार कार्डावर आणि पासपोर्टवर. पण मुलीचा जन्म झाला तेव्हा नोंद करायला गेलेल्या दिरांनी वहिनीचे घरात हाक मारायचे नाव सांगून टाकले! मुलगी जर्मनीत बाळंत होणार होती. अर्जासोबत तिचा जन्मदाखला जोडला, आणि त्यावरची आई व पासपोर्टवरची अक्का या दोन वेगळ्या बायका ठरल्या. अर्ज नामंजूर झाला. ते पत्र मी वाचून दाखवले, तेव्हा अक्का एवढेच म्हणाल्या, “भाऊ, मग तिला जन्म दिला तो कोणी?”

मला उत्तर देता आले नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे निबंधकाला चुकीची नोंद पुराव्यानिशी दुरुस्त करता येते. तशी दुरुस्ती करून घेतली आणि पुन्हा अर्ज केला. व्हिसा मिळाला, पण तोवर नातू चार महिन्यांचा झाला होता.

म्हणून सांगतो, पुरुषांपेक्षा बायकांचे कागद आधी तपासा. माहेरचे नाव, सासरचे नाव, कुठे ‘बाई’ लावलेले, कुठे गाळलेले. आडनावांचीही आपल्याकडे गंमत आहे. एकाच घरात एक भाऊ पाटील लिहितो, तर दुसरा चौधरी! नाव बदललेले असेल तर विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवा; बदल शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घेण्याचीही सोय आहे. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना कोरा सोडू नका. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यटक व्हिसासाठी एकाच शब्दाचे नाव चालणार नाही असे ठरवले, तेव्हा दुबईला निघालेल्या कित्येकांची पंचाईत झाली.

तीच गत जन्मतारखेची. साठी उलटलेल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनलाच येतो. शाळा जूनमध्ये भरे आणि मास्तर अंदाजाने तीच तारीख लिहून घेत. पण दाखल्यावर १ जून आणि दुसऱ्या कागदावर आईने सांगितलेली आषाढी एकादशी, असे झाले की प्रश्न उभा राहतो. जन्मस्थळाचेही पाहा. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. जुन्या कागदांवर ‘पूर्व खानदेश’ असते, त्याचा आज जळगाव जिल्हा आहे. नंदुरबार तर १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. गावाचे नाव सगळीकडे एकसारखे लिहा, म्हणजे जिल्ह्याचा खुलासा करता येतो.

आता देशोदेशींच्या तऱ्हा. जर्मनी, फ्रान्स, इटली धरून २९ देशांचा मिळून शेंगेन व्हिसा असतो. ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच्याकडे अर्ज करायचा. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून देता येतो. निदान पंधरा दिवस तरी आधी द्यावाच लागतो. शेवटच्या दिवसावर मात्र विसंबू नका. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला, परतीनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पाने असलेला हवा. तीस हजार युरोंचा प्रवासी आरोग्य विमाही लागतो.

अमेरिकेचा कायदा तर प्रत्येक पाहुण्याला कायमचा राहायला आलेला समजूनच सुरुवात करतो. तसे नाही हे आपण दाखवायचे. घर, शेतीचा सातबारा, निवृत्तिवेतन, मागे राहिलेली माणसे, हीच परतीची ओढ. मुंबईच्या वकिलातीत मराठीतूनही मुलाखत देता येते, तेव्हा मोडक्या इंग्रजीत घाबरत बोलण्यापेक्षा आपल्या भाषेत नीट बोलावे. विचारतील तेवढेच सांगावे, पण खरे सांगावे. लेकीच्या बाळंतपणाला चाललात तर तसेच म्हणा. ‘ताजमहालासारखे काही पाहायला’ म्हणू नका! खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर तिथला कायदा जन्माची बंदी घालू शकतो. अर्ज एजंटाने भरला तरी सही तुमचीच असते, म्हणून वाचल्याशिवाय करू नका.

आणखी एक. बँकेत नेहमी पन्नास हजार असतात आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात उसने पाच लाख येऊन पडतात, हे खातेउतारा पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. खर्च मुलगा करणार असेल तर त्याचे पत्र आणि त्याच्या पगाराचे कागद जोडा. त्यात कमीपणा कसला?

नव्या पिढीसाठीही नियम कडक झाले आहेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. तेव्हा बारशाच्या गडबडीत तो दाखला वाचून घ्या. बाळाचे आणि आईचे नाव अक्षर न अक्षर पाहा.

दिवाळीत मुले घरी आलेली असतात, फराळ झाल्यावर दुपार मोकळीच असते. एक कोरा कागद घ्या. प्रत्येक दाखल्यावर नाव, तारीख आणि गाव काय लिहिले आहे ते एकाखाली एक उतरवा. जिथे फरक दिसेल तिथे खूण करा आणि दुरुस्तीला लागा. दुरुस्तीला महिने लागतात, आणि बाळंतपण कोणासाठी थांबत नाही. सुरुवात मात्र आईच्या कागदांपासून करा.