शांत बाळाचे पाय पाहा

बर्फाळ लडाखात थंडीने हातापायाची बोटं गोठतात, त्याला हिमदंश म्हणतात. आपल्या अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर तसं होत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण नुकतंच जन्मलेलं बाळ गार पडायला बर्फ लागत नाही. पहाटेचा खारा वारा, ओलं लंगोट, उघड्या पडवीतली अंघोळ एवढं पुरतं. पावसाळ्यात दमट दुपटं आणि डोक्यावरचा पंखाही तेच करतो.

आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईने सांगितलं, "माझं बाळ तिसऱ्या दिवशी फार शांत होतं. रडेना, दूध ओढेना. सासूबाई म्हणाल्या, गुणाचं आहे." तेवढ्यात आशाताई भेटीला आल्या. त्यांनी बाळाच्या तळव्याला आणि पोटाला हात लावला. दोन्ही गार! बाळ लगेच आईच्या छातीशी घेतलं आणि तसंच दवाखान्यात नेलं. ते वाचलं. पण त्या दिवसापासून 'शांत बाळ' म्हटलं की आम्ही आधी त्याचे पाय पाहतो.

बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, कातडी पातळ आणि अंगात चरबी थोडी, म्हणून ऊब भराभर निघून जाते. आपल्यासारखं कुडकुडून त्याला ऊब आणता येत नाही. अंगातली साठवण जाळूनच ते गरम राहतं. ती संपली की ते सुस्त होतं, दूध ओढत नाही आणि मग आणखी गार पडतं. कमी वजनाच्या आणि दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला हा धोका जास्त.

ओळखायचं कसं? आपल्या हाताची पाठ बाळाच्या पोटाला आणि तळव्याला लावा. दोन्ही उबदार असतील तर बाळ ठीक. पोट गरम, पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच ऊब द्या. दोन्ही गार असतील तर धोका आहे, वेळ घालवू नका. थर्मामीटर असेल तर काखेत लावा. साडेछत्तीस अंश सेल्सियसच्या (९७.७ फॅरनहाइट) खाली ताप गेला तर बाळ गार पडलं आहे.

ऊब द्यायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे आईची छाती. कोलंबिया देशात बोगोटा शहरातल्या इस्पितळात १९७८ च्या सुमारास काचेच्या पेट्या कमी पडत होत्या. तेव्हा डॉ. एडगर रे यांनी अशक्त बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. त्यालाच आज कांगारू पद्धत म्हणतात. बाळाला टोपडं, मोजे आणि लंगोट एवढंच ठेवा. पोलक्याच्या आत उभं, उराला ऊर लावून धरा, मान एका बाजूला वळवा, नाक मोकळं ठेवा आणि वरून शाल घ्या. दूधही तिथेच पाजा. आई दमली तर बाबा, आजी, मावशी कुणीही बाळाला असं घेऊ शकतं.

जन्मल्याबरोबर बाळाला कोरडं पुसा आणि तासाभरात अंगावर घ्या. पहिले चोवीस तास अंघोळ नको. वजन कमी असेल तर ते वाढेपर्यंत नुसतं पुसून घ्या. मालीश करताना दारं-खिडक्या लावा. बाळंतिणीच्या बंद खोलीत शेगडी पेटवू नका, तिचा धूर आणि विषारी वायू आई-बाळ दोघांच्या जिवावर उठतात. गरम पाण्याची बाटली बाळाजवळ ठेवू नका, कातडी भाजते. फार गुंडाळूही नका. घाम आला तर एक कपडा काढा.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांच्याकडून वजन आणि ताप बघून घ्या. बाळ दूध ओढेना, सुस्त पडलं, किंवा छातीशी धरूनही गरम होईना, तर १०२ किंवा १०८ ला फोन करा आणि वाटेतही बाळ छातीशीच ठेवा.

आज घरी गेल्यावर शेजारच्या बाळंतिणीला भेटा. बाळाचे पाय कसे बघायचे, ते तिच्या सासूबाईंनाही दाखवा.