पातळ बर्फाचा दगा

ऑक्टोबरात कोलोरॅडोतल्या रॉकी पर्वतावर पहिला बर्फ पडतो. दक्षिणेकडच्या उतारांवरचा दोन-चार दिवसांच्या उन्हात वितळतो. उंचावरच्या, उत्तरेकडे तोंड केलेल्या सावलीतल्या उतारांवर मात्र तसाच टिकतो. आणि तिथेच नासायला लागतो.

बर्फाखालच्या जमिनीत उन्हाळ्याची ऊब उरलेली असते, त्यामुळे थराच्या तळाशी तापमान शून्याच्या आसपास राहतं. निरभ्र रात्री पृष्ठभाग उणे 20 अंशांपर्यंत गार होऊ शकतो. थर 2 मीटर जाड असेल, तर दर 10 सेंटिमीटरला 1 अंशाचा फरक पडतो. तोच 40 सेंटिमीटरचा असेल, तर 5 अंशांचा! फरक 1 अंशाच्या वर गेला की खालच्या कणांतून वाफ निघते, वर सरकते आणि गार कणांवर गोठते. असे घडलेले कण कोनदार असतात, एकमेकांना धरून राहत नाहीत. मुठीत दाबा, गोळा होत नाही. जाड साखरेसारखे बोटांतून ओघळतात. तिथले स्कीअर त्याला ‘शुगर स्नो’च म्हणतात. बर्फ कमी तर धोका कमी, हा आपला साधा हिशेब इथे साफ चुकतो.

पुढे मोठं वादळ येतं आणि वाऱ्याने दाबलेला घट्ट थर या साखरेवर बसतो. स्कीअरचं वजन पडताच खालचे कण ढासळतात. ‘व्हुम्फ’ असा दबका आवाज येतो, भेग पळत जाते आणि 30 ते 45 अंशांच्या उतारावर सबंध लादी निसटते. जीवघेण्या अपघातांत बहुतेक वेळा हे हिमस्खलन बळी पडलेल्या माणसानेच किंवा त्याच्या सोबत्याने सुरू केलेलं असतं.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती यातली कोंडी. महिनोन् महिने वाट पाहिलेल्या स्कीअरला नोव्हेंबरात घसरण्याजोगा बर्फ सापडतो तो नेमका याच उतारांवर, कारण बाकीचा डोंगर उघडा असतो. शिवाय बर्फ पातळ असल्याने वाहून जाणारा माणूस खडकांवर आणि झाडांच्या बुंध्यांवर आदळतो. गाडला गेला, तर जगण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच. बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारं यंत्र), सळई, फावडं आणि शेजारी सोबती हवाच; बाहेरची मदत तेवढ्यात पोहोचत नाही.

2020-21 च्या हिवाळ्यात कोलोरॅडोत हिमस्खलनांनी 12 जणांचा बळी घेतला. डिसेंबरापासूनच माणसं जाऊ लागली होती. 1 फेब्रुवारीला सिल्व्हर्टन आणि ऑफिर यांच्या मधल्या डोंगरात एकाच वेळी तीन स्कीअर गेले. हंगामाच्या सुरुवातीचा कमजोर बर्फ तेव्हाही त्या पर्वतांत तळाशी होता.