परदेशी व्यापारयात्रेची सिद्धता

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगड या गावाचा साताऱ्याच्या इतिहासप्रसिद्ध दुर्गाशी नामसाम्यापलीकडे काही संबंध नाही; परंतु या गावालाही आपली टेकडी आहे, किल्ल्याचे अवशेष आहेत, दर्गा आहे, महाशिवरात्रीला भरणारी मोठी यात्रा आहे, आणि जवळच इटियाडोह धरणाच्या पाण्यावर पोसलेले धानाचे विस्तीर्ण शेत आहे. याच प्रतापगड-गोठणगावच्या परिसरात १९७२ साली तिबेटी निर्वासितांची नोर्गेलिंग ही वसाहत स्थापन झाली, आणि तेव्हापासून धान पिकविणारे वैदर्भीय शेतकरी व हिवाळ्यात स्वेटर विकण्यासाठी दूरदूरच्या शहरांत जाणारे तिबेटी कुटुंबीय एकाच बाजारात मीठमिरची घेत आले आहेत. या दोघांपैकी एकेकाला उद्या व्यापाराच्या निमित्ताने परदेशी जाण्याचा प्रसंग आला, दोघांनी सारख्याच पेट्या घेतल्या, सारखेच कपडे भरले आणि नागपूरच्या एकाच विमानतळावर ते उभे राहिले, तरी दोघांची सिद्धता एकसारखी असणार नाही. एकाच्या हाती गडद निळ्या वेष्टनाचा पासपोर्ट असेल, तर दुसऱ्याच्या हाती बहुधा भारत सरकारनेच दिलेले पिवळ्या वेष्टनाचे ओळखपत्र असेल, ज्याच्या धारकाला देश सोडण्यापूर्वी परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाकडून निर्गमनाची परवानगी आणि परत येण्याचा परवाना यांचा बंदोबस्त स्वतंत्रपणे करून घ्यावा लागतो.

हा फरक येथे मुद्दाम सांगितला, कारण परदेशयात्रेच्या तयारीविषयी आपल्याकडे जे सल्ले दिले जातात ते बहुतेक पेटीपासून सुरू होतात आणि पेटीपाशीच संपतात. वास्तविक व्यापारासाठी निघणाऱ्या मनुष्याने पेटी सर्वांत शेवटी भरावी. आपण कोणत्या राज्याचे, कोणत्या कामासाठी, किती मुदतीसाठी आणि कोणता माल बरोबर घेऊन चाललो आहोत, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर आधी सिद्ध झाली, म्हणजे पेटीत काय घालावे आणि काय घालू नये हे त्यांतूनच निष्पन्न होते.

प्रवासपत्राची ही सर्वत्र चालणारी सक्ती फार जुनी नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ती दृढमूल झाली आणि हिंदुस्थानात त्यासाठी १९२० साली कायदा झाला. पासपोर्ट ही सरकारची मेहेरबानी नसून नागरिकाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे तत्त्व स्वतंत्र भारतात प्रस्थापित झाले ते एका व्यापाऱ्याच्याच फिर्यादीमुळे. आयात-निर्यातीचा व्यवसाय करणारे सतवंतसिंग साहनी यांना पासपोर्ट परत करण्यास फर्माविण्यात आले तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९६७ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने परदेशगमनाचा हक्क घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदात अंतर्भूत असल्याचा निर्णय दिला. आज अमलात असलेला पासपोर्टचा अधिनियम त्याच वर्षी त्या निर्णयापाठोपाठ आला. तिबेटी वसाहतींतील तरुणांच्या बाबतीतही दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० आणि २०१६ साली असाच महत्त्वाचा निवाडा दिला की, २६ जानेवारी १९५० नंतर व १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला तिबेटी इसम जन्मानेच भारताचा नागरिक असून त्याला पासपोर्ट नाकारता येत नाही. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांची संख्या अजून मोठी असावी, असे मला वाटते, आणि म्हणूनच ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली पाहिजे.

पासपोर्ट हाती असला तरी त्याची मुदत पाहणे हे पहिले काम. प्रौढ नागरिकाचा पासपोर्ट १० वर्षे चालतो खरा. परंतु पुष्कळ देश प्रवेशाच्या वेळी निदान ६ महिन्यांची मुदत शिल्लक असल्याखेरीज पाऊल टाकू देत नाहीत, त्यामुळे व्यवहारात तो साडेनऊ वर्षांचाच समजावा. मुदत संपण्यापूर्वी एक वर्ष आधीपासून नव्या पासपोर्टसाठी अर्ज करता येतो. वारंवार जाणाऱ्याने ३६ पानांऐवजी ६० पानांची पुस्तिका मागावी. व्हिसाच्या बाबतीत व्यापाऱ्याकडून एक प्रमाद नेहमी होतो: पर्यटकाचा व्हिसा लवकर मिळतो म्हणून तो घेऊन सौद्याच्या बोलणीला जाणे. परक्या भूमीवरील अधिकाऱ्याने येण्याचे प्रयोजन विचारले असता उत्तर आणि परवाना यांत विसंगती दिसली, की प्रवास तेथेच खुंटण्याचा संभव असतो. व्यापारी व्हिसासाठी परदेशातील पेढीचे निमंत्रणपत्र, आपल्या पेढीचे पत्र, बँकेचा खातेउतारा आणि यात्रेचा कार्यक्रम हे एकमेकांशी जुळणारे असावे लागतात. युरोपातील शेंगेन देशांसाठी ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो, आणि अर्ज प्रवासापूर्वी १५ दिवसांच्या आत चालत नाही.

कागद जुळले तरी प्रयोजन मनात स्पष्ट नसेल, तर यात्रा निष्फळ ठरते. या बाबतीत दादासाहेब फाळके यांच्या १९१२ च्या लंडनयात्रेइतके उद्बोधक उदाहरण मराठी माणसाच्या उद्योगेतिहासात मला दुसरे दिसत नाही. आपल्या विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून उभारलेले कर्ज, आणि मुंबईत नियमाने वाचलेल्या ‘बायोस्कोप’ नामक साप्ताहिकाची ओळख, एवढ्या भांडवलावर ते फेब्रुवारीत निघाले; लंडनात पोहोचल्यावर त्या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना जाऊन भेटले; कॅबोर्न यांनी हिंदुस्थानात चित्रपटनिर्मिती कठीण असल्याचे प्रथम सांगितले, परंतु या गृहस्थाची जिद्द आणि तयारी पाहून त्यांनीच त्यांना हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत नेले. एप्रिलच्या आरंभी फाळके परतले तेव्हा विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची खरेदी झालेली होती, आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. कोणाला भेटायचे, काय पाहायचे आणि काय विकत घ्यायचे, याचा निश्चय त्यांनी मुंबईतच केलेला होता. सामानापूर्वी बांधावयाची शिदोरी ही.

आता आपल्या धानाच्या मुलखाकडे वळतो. गोंदिया हे भातगिरण्यांचे गाव, आणि भारतातून जाणाऱ्या उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचे मोठे गिऱ्हाईक पश्चिम आफ्रिकेत, म्हणजे बेनिन, टोगो, आयव्हरी कोस्ट व सेनेगल या देशांत आहे. जुलै २०२३ मध्ये बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली, ऑगस्टात उसन्या तांदळावर २० टक्के निर्यातकर बसला, आणि २०२४ च्या उत्तरार्धात ही बंधने उठली. या घडामोडींनंतर तुटलेले संबंध जोडण्यासाठी बेनिनमधील कोटोनू किंवा सेनेगलमधील डाकारला स्वतः जाऊन यावे, असे एखाद्या गिरणीमालकाला वाटणे स्वाभाविक आहे. त्याने सर्वप्रथम जे करावे ते पेढीत नव्हे, तर लसीकरण केंद्रात. या देशांपैकी बहुतेकांत प्रवेशासाठी पीतज्वराची लस अनिवार्य असून तिचा दाखला टोचल्यानंतर १० दिवसांनी वैध होतो; म्हणजे तिकीट परवाचे आणि लस उद्याची, ही तजवीज चालत नाही. लस मिळते ती केवळ शासनमान्य केंद्रांतून, आणि एकदा घेतलेला दाखला जुलै २०१६ पासून जन्मभर चालतो. दाखला नसेल तर परतणाऱ्या प्रवाशाला आपलेच सरकार ६ दिवसांपर्यंत विलग ठेवू शकते. साठी उलटलेल्यांनी आणि अंड्याचे वावडे असलेल्यांनी टोचून घेण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा. शिवाय ही चारही राज्ये फ्रेंच भाषेत कारभार करणारी आहेत. मालाचे वर्णन, दरपत्रक आणि प्रतवारीचा तक्ता यांचे फ्रेंच भाषांतर जवळ असणे हे उत्तम पोशाखापेक्षा अधिक उपयोगाचे.

नमुन्याचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. तांदूळ विकायला जाणारा मनुष्य तांदूळ बरोबर घेणारच. परंतु धान्य म्हणजे कीड वाहून नेणारी वस्तू, अशी जगभरच्या जकातखात्यांची दृष्टी असते. गोदामातील धान्याचे पीठ करणारा खपरा भुंगेरा आपल्या शेतकऱ्याच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्याच्याच भयाने अमेरिकेने भारतासह अनेक देशांतून प्रवाशाच्या सामानात येणाऱ्या तांदळाला मनाई केली आहे. म्हणून नमुना पेटीत लपवून नेण्यापेक्षा वनस्पती-आरोग्याचा दाखला काढून, ग्राहकाकडून त्याच्या देशाचे नियम विचारून, तो आधी रवाना करावा. यंत्रे, अवजारे, दागिने अथवा कापडाचे नमुने प्रदर्शनासाठी नेऊन परत आणायचे असतील, तर ‘एटीए कार्ने’ नावाचा दस्तऐवज मिळतो, ज्याच्या आधारे एक वर्षाच्या मुदतीत सभासद देशांत जकात न भरता माल नेता-आणता येतो. भारतात तो फिक्की ही व्यापारी महासंघटना हमी घेऊन देते. खाऊन किंवा वापरून संपणाऱ्या जिनसांना मात्र ही सवलत नाही.

पेटीविषयी जे सांगायचे ते थोडकेच आहे, पण ते आपल्या घरांना लागू पडणारे आहे. विदर्भातील सावजी रश्श्याच्या मसाल्यात, दिवाळीच्या अनारशांवर जी खसखस आपण निःशंकपणे वापरतो, ती संयुक्त अरब अमिरातींत आणि सिंगापुरात मादक द्रव्यांच्या कायद्याखाली येते. मसाल्याची पुडी आईने किंवा वहिनीने प्रेमाने दिलेली असली तरी तिच्यात खसखस आहे काय, हे विचारल्याखेरीज ती स्वीकारू नये. आपल्या भागात घरोघरी खाल्ला जाणारा खर्रा सिंगापुरास नेता येत नाही, कारण चघळण्याच्या तंबाखूला तेथे बंदी आहे. सुके खोबरे पेट घेणारा पदार्थ मानला जात असल्यामुळे विमानाच्या मालकक्षात चालत नाही. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडोलसारखी वेदनाशामके आखाती देशांत पूर्वपरवानगीवाचून नेऊ नयेत. कोणतेही औषध मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह असावे. पॉवरबँक आणि सुट्या बॅटऱ्या हातच्या सामानात ठेवाव्यात, आणि द्रवपदार्थ त्याच सामानात १०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीत नसावेत. दस्तऐवज, औषधे आणि बैठकीला शोभेल असा एक पोशाख एवढे स्वतःजवळ ठेवले, म्हणजे मोठी पेटी चुकीच्या शहरी गेली तरी काम अडत नाही.

पैशांच्या बाबतीत आजचा व्यापारी पूर्वीच्या पिढीपेक्षा सुखी आहे. ‘पी फॉर्म’ भरून रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीसाठी तिष्ठण्याचे ते दिवस गेले. तथापि बहुतेक देशांसाठी एका फेरीत ३,००० डॉलरपर्यंतच परकी चलनाच्या नोटा नेता येतात, उरलेली रक्कम कार्डावर किंवा बँकेमार्फत न्यावी लागते, आणि भारतीय नोटा २५,००० रुपयांहून अधिक बाळगू नयेत. याच्या जोडीला एक काम बहुतेक लोक विसरतात: मागे राहणाऱ्या विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवणे. धनी परदेशात आणि धनादेशावर सही करणारा कोणी नाही, अशा स्थितीत हंगामात धानाची खरेदी थांबली, तर परदेशातील सौद्याचा नफा घरच्या तोट्यात बुडतो.

भेटीच्या तारखा ठरवितानाही चौकशी करावी. सौदी अरेबियात साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारी असते, तर अमिरातींनी जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार स्वीकारून शुक्रवारी अर्धा दिवस काम ठेवले आहे. रमजानच्या महिन्यात तर कामाचे तासच कमी होतात.

धानाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे संपतो आणि विक्रीच्या वाटाघाटी त्यानंतर सुरू होतात. ज्यांच्या मनात या वर्षी परदेशी जाण्याचा विचार असेल, त्यांनी मळणीपर्यंत न थांबता आजच पासपोर्ट उघडून त्याची मुदत आणि कोरी पाने पाहावीत, आणि आफ्रिकेला जायचे असल्यास पीतज्वराच्या लसीची वेळ याच आठवड्यात ठरवून घ्यावी.