ताठर धमन्या आणि हृदयविकार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हृदयविकार म्हटलं की घरोघरी चर्चा होते ती ब्लॉकेजची. किती टक्के, कुठल्या नळीत, स्टेंट की बायपास? धमनीची भिंत किती ताठर झाली आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. ते विचारायलाच हवं.

गैरसमज: धमन्या ताठर होणं म्हणजेच ब्लॉकेज.
वस्तुस्थिती: ब्लॉकेज धमनीच्या आतल्या अस्तरात, चरबी साचून होतं. ताठरपणा मुख्यतः मधल्या थरात येतो. तिथले इलॅस्टिनचे लवचीक तंतू झिजतात, चिवट कोलॅजेन वाढतं, कधी कॅल्शियमही साठतं. वाढतं वय, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि धूम्रपान दोन्हींना पोसतात, म्हणून ही दुखणी अनेकदा जोडीने येतात. पण अँजिओग्राफीत दिसते ती रक्ताची वाट. भिंतीची लवचीकता त्यात मोजली जात नाही.

गैरसमज: ताठर महाधमनीचा हृदयाच्या रक्तपुरवठ्याशी संबंध नाही.
वस्तुस्थिती: संबंध थेट आहे. हृदयाच्या डाव्या बाजूच्या स्नायूला बरंचसं रक्त दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळतं. लवचीक महाधमनी ठोक्यासरशी फुगते आणि विसाव्यात आकसून रक्त पुढे ढकलते. त्या दाबावर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या भरतात. ती ताठर झाली की वरचं प्रेशर चढतं आणि खालचं उतरतं. हृदयाचे कष्ट वाढतात, ऑक्सिजनची गरज वाढते आणि तो पोहोचवणारा दाब मात्र घटतो. कोरोनरीत आधीच अडथळा असेल, तर ही तूट आणखी महागात पडते.

गैरसमज: खालचं प्रेशर ठीक आहे ना, मग उतारवयात वरचं वाढलेलं चालतं.
वस्तुस्थिती: 170/70 या आकड्यांत 100 चं अंतर आहे, 120/80 मध्ये ते 40 असतं. उतारवयात हे रुंदावलेलं अंतर बहुधा ताठरपणाची खूण असते. खालचं प्रेशर 90 च्या आत, पण वरचं 160 किंवा जास्त असलेल्या साठीपुढच्या लोकांवर अमेरिकेत ‘शेप’ हा अभ्यास झाला. 1991 मध्ये त्याचे निष्कर्ष आले: औषधोपचाराने पक्षाघात 36 टक्क्यांनी कमी झाले आणि हृदयविकाराचे झटकेही घटले.

गैरसमज: ताठरपणा मोजता येत नाही.
वस्तुस्थिती: येतो. ताठर नळीतून नाडीची लाट वेगाने धावते. मान आणि जांघ इथल्या नाड्यांवरून हा वेग काढतात. सेकंदाला 10 मीटरपेक्षा जास्त वेग धोक्याचा मानतात. 2010 मध्ये 17 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात वेग 1 मीटरने वाढला की हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका सुमारे 14 टक्क्यांनी वाढलेला दिसला. ही तपासणी सर्रास होत नाही. बीपीचे दोन आकडे मात्र प्रत्येकाला मिळतात.

गैरसमज: वयापुढे इलाज नाही.
वस्तुस्थिती: झिजलेलं इलॅस्टिन पूर्ववत होत नाही, हे खरं. पण ताठरपणाचा वेग आपल्या हातात आहे. रोजचं भरभर चालणं, तंबाखू सोडणं, मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत ठेवणं, साखर व बीपी ताब्यात ठेवणं, याचा उपयोग होतो. लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठही हिशेबात धरा.

पुढच्या वेळी बीपी मोजाल तेव्हा दोन्ही आकडे लिहून ठेवा. अंतर सतत 60 च्या वर राहत असेल, तर डॉक्टरांशी बोला. बीपीच्या गोळ्या मनाने बंद करू नका.