देवमासा किनाऱ्याला लागतो तेव्हा

२०२३च्या दिवाळीत गणपतीपुळ्याला देवमाशाचं एक पिल्लू जिवंत येऊन वाळूत रुतलं. वनखात्याची माणसं, गावकरी आणि मच्छीमार त्याच्यावर पाणी मारत राहिले, अखेर त्याला खोल समुद्रात नेऊन सोडलं. तरी ते जगलं नाही. २०१५च्या जूनमध्ये रेवदंड्याला लागलेला ४० फुटांहून लांब निळा देवमासाही दगावला होता. एवढे हात राबूनही असं का होतं?

देवमासा सस्तन प्राणी. तो फुप्फुसांनी हवेतच श्वास घेतो, त्यामुळे पाण्याबाहेर आला म्हणून लगेच गुदमरत नाही. त्याला मारतं त्याचंच वजन. समुद्रात ते पाणी पेलतं. वाळूवर सगळा भार फुप्फुसांवर आणि स्नायूंवर येतो. श्वास अपुरा पडतो, चेंगरलेल्या स्नायूंतली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडं निकामी करतात. कातडीखालच्या चरबीमुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही आणि कोकणच्या उन्हात तो आतून तापत जातो.

शिवाय अनेकदा तो किनाऱ्याला येतो तोच खचलेला: आजारी, जहाजाची धडक बसलेला किंवा जाळ्यात गुरफटलेला. पिल्लू असेल तर आईपासून तुटलेलं. निळ्या देवमाशाचं पिल्लू सहा-सात महिने आईच्या दुधावर वाढतं. त्याला एकट्याला पाण्यात ढकललं, तरी दूध कोण पाजणार? म्हणूनच समुद्रात परत सोडायचं की नाही, हे प्राण्याला तपासून जाणकारांनी ठरवायचं असतं.

असा जीव दिसला, तर आधी वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. जागा, अंदाजे लांबी, श्वास चालू आहे का, भरती आहे की ओहोटी, हे सांगा. मदत येईपर्यंत अंगावर ओल्या चादरी टाका, पाणी शिंपडा. पण डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मोकळं ठेवा. शेपटीला दोर बांधून ओढू नका, तिच्या टप्प्यातही उभे राहू नका. गर्दी आणि कुत्री लांब ठेवा.

मेलेला असला तरी कळवा. सडताना आत वायू कोंडून पोट फुटू शकतं, आणि मृत्यूचं कारण शवविच्छेदनाशिवाय कळत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानं देवमाशाला पहिल्या अनुसूचीत ठेवलं आहे. त्याचा कुठलाही अवयव उचलून नेऊ नका.

किनाऱ्यावर राहणाऱ्या आणि फिरायला जाणाऱ्या प्रत्येकानं १९२६ हा क्रमांक आजच मोबाइलमध्ये जपून ठेवावा.