मोडीत घालण्याआधी नंबर वाचा

वर्धा जिल्ह्यात दुसरं महायुद्ध लढलं गेलं नाही, पण त्या युद्धाची विमानं पुढे कितीतरी वर्षं आमच्या भागातून उडत होती. माझी आई सांगायची, मध्यरात्री आभाळात घरघर सुरू झाली की आजोबा अंथरुणातूनच म्हणायचे, "डाक चालली." ३० जानेवारी १९४९ पासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर रोज मध्यरात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून विमानं उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. सुरुवातीची ही विमानं डकोटा होती. सैनिक आणि रसद वाहण्यासाठी अमेरिकेनं ती दहा हजारांवर बांधली. युद्ध संपल्यावर उरलेली विकायला निघाली, तेव्हा आपल्याकडच्या विमान कंपन्यांनी घेऊन त्यांत खुर्च्या बसवल्या. सोनेगावची धावपट्टीसुद्धा युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलाचा थांबा होती. १२ डिसेंबर १९५३ ला रात्रीच्या टपालाचं एक डकोटा मद्रासकडे निघालं आणि नागपुरातच कोसळलं. १३ माणसं गेली.

म्हणून या भागातल्या भंगारात विमानाचा पत्रा निघाला, तर मला त्याचं नवल वाटत नाही. मी आयटीआयमध्ये शीट मेटलचा निदेशक होतो. सारा जन्म पोरांना पत्रा कापायला, वाकवायला आणि रिव्हेट मारायला शिकवलं. निवृत्तीनंतर हाच हात जुन्या विमानांच्या तुकड्यांकडे वळला. लोक मला तुकडे आणून दाखवतात, त्यांतले बहुतेक एसटीच्या बॉडीचे असतात. नागपूरजवळ हिंगण्याला एसटीची कार्यशाळा आहे, त्यामुळे ॲल्युमिनियमचा रिव्हेट मारलेला पत्रा या भागाला नवा नाही. फरक हाताला कळतो. बसचा पत्रा मऊ असतो, वाकवला की वाकून राहतो. विमानाचा पत्रा तांबं मिसळलेल्या कडक मिश्रधातूचा. तो स्प्रिंगसारखा परत येतो, आणि फार वाकवला तर तडकतो. रिव्हेटही बोटभर अंतरावर, दोन-दोन रांगांत, शिस्तीत बसवलेले असतात.

हिंगणघाटच्या एका भंगारच्या दुकानात तिथल्या पोरानं मला असाच हातभर लांबीचा पत्रा दाखवला. "सर, हे इमानाचं व्हय का जी?" मालक म्हणाला, नागपूरहून आलेल्या लॉटमध्ये होता. मी तो किलोच्या भावानं घेतला. घरी आणून कोमट पाण्यानं आणि मऊ दातब्रशनं धुतला. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवी धरली, तेव्हा आतल्या बाजूला हिरवट पिवळा रंग आणि त्याखाली ओळीनं छापलेली पुसट अक्षरं दिसली: आल्क्लॅड २४एस-टी.

एवढ्यावरून बरंच कळतं. तो हिरवट पिवळा रंग झिंक क्रोमेटचा. गंज लागू नये म्हणून अमेरिकी कारखाने विमानाच्या आतून तो देत. ब्रिटिश विमानांत आतून बहुधा राखाडी हिरवा रंग असे. आल्क्लॅड म्हणजे कडक मिश्रधातूच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर दिलेला पत्रा. आणि २४एस हे नाव अमेरिकेत १९५४ पर्यंतच चाललं, पुढे त्याच धातूला २०२४ म्हणू लागले. म्हणजे पत्रा अमेरिकी आणि १९५४ च्या आधीचा, इथवर शंका राहिली नाही. सुट्या भागाचा नंबर मात्र कुठेच नव्हता. मी चिठ्ठी लावली: 'विमानाचा पत्रा, अमेरिकी, १९५४ पूर्वीचा, नागपूरच्या भंगारातून.' विमानाच्या नावाची जागा कोरी ठेवली. ती कोरी ठेवणं हेच या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. ज्याच्या त्याच्या हातातला तुकडा त्याला लढाऊ स्पिटफायरचाच हवा असतो! स्पिटफायरचा तुकडा आपली ओळख स्वतः सांगतो. त्याच्या सुरुवातीच्या प्रकारांतल्या भागांचे नंबर ३०० नं सुरू होतात आणि कॅसल ब्रॉमविचच्या कारखान्यात तपासनीसानं मारलेला 'सीबीएएफ'चा बारीक ठसा भिंगातून दिसतो. बोल्टांचंही तसंच आहे. अमेरिकी बोल्टांच्या नंबरात 'एएन' असतं, ब्रिटिश भागांच्या नंबरात 'एजीएस'.

इंजिनावरून विमान ओळखायला जाल, तर फसाल. डकोटा आणि चार इंजिनांचं लिबरेटर बॉम्बफेकी विमान, दोघांनाही प्रॅट अँड व्हिटनीचं १८३० जातीचं इंजिन. दोन रांगांत १४ सिलिंडर. सुटा सिलिंडर पाहून भेद सांगता येत नाही. इंजिनावरच्या पाटीवर १८३० च्या पुढे आडवी रेघ देऊन ९२ असेल तर डकोटाकडे बोट जातं, ४३ किंवा ६५ असेल तर लिबरेटरकडे. दोन इंचांची ती पाटी कुणी पितळेच्या भावानं विकली, की ओळख कायमची गेली.

लिबरेटरचं नाव काढलं की मला कानपूरचा अभिमान वाटतो. युद्ध संपल्यावर उसनी घेतलेली ही अमेरिकी विमानं ब्रिटिशांनी कानपूरला टाकून दिली आणि करारानुसार पुन्हा उडू नयेत म्हणून त्यांची मोडतोड केली. १९४८ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कामगारांनी त्या ढिगातून विमानं जोडली, वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला उडवत नेली, आणि हवाई दलानं ती १९६८ अखेरपर्यंत वापरली. ६ नंबरच्या स्क्वाड्रनची लिबरेटर पुण्याहून समुद्रावर गस्त घालत. अमेरिकेनं अठरा हजारांवर बांधलेल्या या विमानांतली आज जगात मोजकीच उरली आहेत. त्यांतलं एक दिल्लीत पालमच्या संग्रहालयात आहे. लंडन, ॲरिझोना आणि ओटावाच्या संग्रहालयांतली लिबरेटर भारतातूनच गेली. लंडनच्या विमानाला ब्रिटिशांचा केएन ७५१ आणि आपल्या हवाई दलाचा एचई ८०७ असे दोन नंबर आहेत, आणि दोन्ही नंबर माहीत आहेत म्हणूनच त्याचा कानपूरचा पुनर्जन्म कुणाला नाकारता येत नाही.

नंबराचं मोल कळायला 'हॉट ॲज हेल' नावाच्या लिबरेटरची हकिगत पुरे. २५ जानेवारी १९४४ ला चीनमधल्या कुनमिंगहून आसामातल्या चबुआकडे येताना ते आठ जणांसह नाहीसं झालं. क्लेटन कूल्स हा अमेरिकी गिर्यारोहक स्वतःच्या हौसेनं असे अवशेष शोधत फिरतो. २००६ मध्ये गावकऱ्यांच्या मदतीनं तो अरुणाचलात दमरोहजवळच्या अवशेषांपाशी पोचला आणि नंबरावरून विमानाची ओळख पटली. पुढे २०१७ मध्ये त्या आठ जणांतल्या लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांचे अवशेष जॉर्जियातल्या त्यांच्या गावी पुरले गेले. घरच्यांनी ७३ वर्षं वाट पाहिली होती.

आपला कायदा या वस्तूंच्या मदतीला येत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तू निदान शंभर वर्षांची लागते, युद्धाची विमानं अजून तेवढी जुनी झालेली नाहीत. म्हणून सगळा भार तुमच्या-माझ्यावर आहे. वाळूचा कागद, तारेचा ब्रश, चिंच-मीठ यांतलं काही लावू नका, कारण ठसे आणि शाईची अक्षरं त्यातच जातात. पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, नंबर उमटतो. वस्तू कुठल्या वावरातून, कुणाच्या दुकानातून आली, ते त्याच दिवशी लिहा.

एक गोष्ट मात्र मी पुन्हा पुन्हा बजावतो. आपल्या जिल्ह्यात पुलगावचा दारूगोळा डेपो आहे. २० नोव्हेंबर २०१८ ला तिथे जुना दारूगोळा निकामी करण्याच्या कामात स्फोट झाला आणि माणसं दगावली. नांगराला गोल, जड, पोलादी काही लागलं, तर ते विमानाचं असो वा नसो, धुऊ नका, हलवू नका, फोटोसाठीही उचलू नका. नांगर तिथेच सोडा, पोरांना लांब न्या आणि पोलीस पाटलाला कळवा.